ती सतरा जणांची यादी आमचीही होती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत महाराष्ट्रातल्या जुन्या निवडणुकांवर लेखमाला सुरू आहे. तिची कात्रणं मी नेमानं काढून ठेवते. चाळीस वर्षं नसेना का, पण आयुष्याचा मोठा भाग मी इतिहास शिकवण्यात घालवला आणि असं लेखन आपल्या भाषेत फार कमी येतं. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीवरचा भाग वाचून मात्र राहवलं नाही, म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण नावं कापू नका एवढी विनंती.

काँग्रेसला मुंबई प्रांतात मिळालेलं यश, नरिमनांना डावलून बाळासाहेब खेरांची नेतेपदी झालेली निवड, काँग्रेसनं सत्ता घेण्याआधीच्या मधल्या काळातलं कूपर मंत्रिमंडळ, हे सगळं लेखकानं तपशिलात दिलं आहे. डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वाट्याला एकच वाक्य आलं आहे. राखीव जागांपुरत्या मर्यादित असलेल्या ह्या पक्षाला चौदा जागा मिळाल्या, असं ते वाक्य. त्यातला आकडा ठीक आहे. काही चरित्रकार पंधरा धरतात, त्यावर मी वाद घालणार नाही. ‘राखीव जागांपुरता मर्यादित’ हे मात्र चूक आहे, आणि ते आमच्या घरावर बेतलेलं चूक आहे. कसं ते सांगते.

पक्ष स्थापन झाला ऑगस्ट १९३६ मध्ये. निवडणूक झाली फेब्रुवारी १९३७ मध्ये. हातात सहा महिने. मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात तेव्हा १७५ जागा होत्या, त्यांतल्या १५ अस्पृश्य मानलेल्या जातींसाठी राखीव. एवढ्या अवधीत पक्षानं सतरा उमेदवार उभे केले. तेरा राखीव जागांवर, चार सर्वसाधारण जागांवर. तेरांतले अकरा आले, चारांतले तीन आले. लेखकानं बेरीज छापली, ती कशाकशाची झाली ते छापलं नाही. म्हणून हे तीन सर्वसाधारण जागांवरचे कोण, ते आधी लिहिते: अनंतराव चित्रे, शामराव परुळेकर आणि महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस, ज्यांना आमच्याकडची जुनी माणसं सुरबानाना म्हणत. तिघंही अस्पृश्य समाजातले नव्हते. तिघंही कोकणातून, रत्नागिरी आणि कुलाबा (आताचा रायगड) ह्या जिल्ह्यांतून, निवडून आले.

मी दापोली तालुक्यातली. जातीनं कुणबी. माझ्या लहानपणी आमच्या वाडीत स्वतःच्या नावावर सातबारा असणं ही नवलाई होती, कारण माझ्या आजोबांच्या काळापर्यंत सगळं गाव खोताचं होतं. आम्ही कुळं. आजच्या वाचकाला खोती समजावून सांगावी लागते, म्हणून थोडं लिहिते. सरकारचा सारा भरायचा तो खोतानं, आणि तो वसूल करायचा कुळाकडून. सारा होता थोडा, वसूल होत होता पुष्कळ. भाताच्या जमिनीवर बऱ्याच ठिकाणी अर्धेल, म्हणजे पिकाचा निम्मा वाटा खोताच्या घरी. वर वेठ. खोताच्या शेताची नांगरणी आधी, स्वतःची नंतर. त्याच्या घरचं लग्न असलं की लाकडं फोडायला, पाणी भरायला माणसं द्यायची, मजुरीचं नाव नाही. पावती मागायची सोय नव्हती, आणि दिलीच तर वाचणार कोण?

माझी आजी मापाबद्दल बोलायची. खळ्यावर भात मळून झालं की खोताचा कारकून यायचा आणि चटईवर बसायचा. पायली भरताना वर शीग लावायची. दाणे ओघळून खाली पडेपर्यंत. ओघळलेले दाणेही त्याच राशीत, खोताच्या. पावसाळ्याच्या तोंडाला घरातलं संपलं की त्याच खोताकडून वाढीदिढीनं भात आणायचं, तेव्हा तीच पायली हातानं निवटून सपाट करून मिळायची. देताना शिगेची पायली, घेताना सपाट. आजी हे सांगताना तळहात आडवा धरून हवेत फिरवायची, निवटल्यासारखा. तिला अक्षर येत नव्हतं, पण दोन पायल्यांतला फरक वर्षाअखेर किती होतो ते तिला तोंडपाठ होतं. मी शाळेत हा धडा शिकवताना तिचा तो हात मुलांना करून दाखवत असे. खोती कळायला त्याहून जास्त काही लागत नाही.

सगळे खोत सारखे नव्हते, हेही लिहायला हवं. खोतांत ब्राह्मण होते, मराठे होते, कायस्थ होते, मुसलमान होते. कुळांत कुणबी होते, महार होते, मराठे होते, मुसलमानही होते. आणि अनंतराव चित्रे नि सुरबानाना टिपणीस हे कायस्थ प्रभू. त्यांच्या ज्ञातीत खोतांची घरं होती. तरीही खोती मोडायला निघालेल्या पक्षाच्या उमेदवारीवर ते उभे राहिले. मला ह्या यादीतली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

हे दोघे निवडणुकीपुरते आणलेले नव्हते. १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव केला होता, पण तो कागदावरच राहिला. मार्च १९२७ मध्ये महाडला परिषद भरली तेव्हा सुरबानाना नगरपालिकेचे अध्यक्ष होते आणि ते परिषदेच्या बाजूनं उभे राहिले. अनंतराव चित्र्यांनी परिषदेत उठून, आता इथून सगळ्यांनी तळ्यावर जाऊ या, अशी हाक दिली आणि २० मार्चला माणसं तळ्याकडे निघाली. त्याची किंमत दोघांनी आपापल्या ज्ञातीत मोजली. दहा वर्षांनी पक्षाची यादी करताना बाबासाहेबांनी ही माणसं घेतली. शामराव परुळेकर भारत सेवक समाजात होते, मजुरांत काम करत होते. पुढे ते कम्युनिस्ट पक्षात गेले, १९४५ च्या वारल्यांच्या उठावात पत्नी गोदावरीबाईंबरोबर उभे राहिले, १९५७ ला ठाण्यातून लोकसभेवर गेले. कोकणातल्या कुळासाठी कायदेमंडळात तोंड उघडणारी माणसं ती ही.

राखीव जागांवरच्या उमेदवारांकडे बघा. नाशिकचे भाऊराव कृष्णाजी गायकवाड, म्हणजे आपले दादासाहेब. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० पासून त्यांनी अंगावर घेतला होता. बेळगावकडचे बळवंतराव वराळे, ज्यांनी धारवाडच्या वसतिगृहात मुलं सांभाळली. पुण्याचे राजाराम भोळे, पुढे उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. खानदेशचे दौलतराव जाधव. नगरचे प्रभाकर रोहम. साताऱ्याचे खंडेराव सावंत. सोलापूरचे जीवाप्पा ऐदाळे. ह्यांतल्या कुणाचंही नाव पुरवणीत नाही. त्यांतले काही पुढे मोठे झाले, काहींचं नाव आज त्यांच्या जिल्ह्यातही कुणी घेत नाही.

ह्या यादीत एक उणीव होती, तीही सांगते, नाहीतर कुणी म्हणेल की शिक्षिकाबाई आरतीच करत सुटल्या. राखीव जागांवरचे बहुतेक उमेदवार महार समाजातले होते. चांभार आणि मांग समाजांत त्यावरून नाराजी होती आणि काँग्रेसनं ती हेरली. खुद्द बाबासाहेबांच्या विरोधात, भायखळा-परळ भागात, काँग्रेसनं उभं केलं ते पळवणकर बाळू ह्यांना. आज क्रिकेट बघणाऱ्या पोरांना हे नाव माहीत नसतं. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या हिंदी संघाचा हा डावखुरा फिरकी गोलंदाज, जातीनं चांभार. ज्याला चहा पॅव्हेलियनच्या बाहेर वेगळ्या पेल्यात द्यायचे, त्याच्या चेंडूंवर सगळ्या हिंदू जिमखान्याची मदार होती. बाबासाहेबांनीच पूर्वी त्यांचा जाहीर गौरव केला होता. अशा दोन माणसांना एकमेकांसमोर उभं राहावं लागलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. म्हणजे निवडणूक सोपी गेली नाही. त्या वेळी बाबासाहेब मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. इतक्या मोठ्या माणसाला दोन हजारांच्या फरकानं निवडून यावं लागलं, हे मी मुलांना मुद्दाम सांगत असे.

परळचा उल्लेख आला, तर आमच्या घरातली दुसरी बाजूही सांगते, कारण मला वाटतं पक्षाच्या नावातला ‘मजूर’ तिथून कळतो. माझे थोरले चुलते परळला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. डिलाईल रोडच्या चाळीत गाववाल्यांच्या खोलीत राहायचे. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच जागेवर आडवा. आठवड्याचं जेवण खानावळीत, महिन्याला घरी मनीऑर्डर. ती मनीऑर्डर गावी कुठे जायची? खोताच्या बाकीत. गिरणीत कमावलेला पैसा खोताच्या घरी. कोकणातल्या हजारो घरांचं हेच होतं. भाऊ गिरणीत, भावजय खोताच्या खळ्यावर. मालक दोन, घर एक. जातीनं बघाल तर परळच्या त्या चाळींत कुणबी, मराठे, महार, भंडारी सगळे होते. खोल्या वेगळ्या, गिरणीतलं भांडण एकच. आणि तेही सरळ नव्हतं: विणखात्यात चांगला पगार असे, पण तिथं दलित कामगाराला घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडानं ओला करून जोडावा लागे. ती गोष्ट माझ्या चुलत्यांना माहीत होती, त्यांनी ती मला स्वतः सांगितली. त्यांच्या खात्यात कुणी त्याविरुद्ध बोललं नाही, असंही सांगितलं.

बाबासाहेबांनी पक्ष काढताना ह्या सगळ्याचा विचार केलेला दिसतो. जाहीरनाम्यात खोती आणि तालुकदारीच्या कुळांना संरक्षण, शेतकऱ्याला सावकाराच्या तावडीतून सोडवायला भू-तारण बँका, कारखान्यातले कामाचे तास आणि मजुरी ह्यांवर कायदा, तांत्रिक शिक्षण. आणि ह्या जाहीरनाम्याला शोभेल अशी यादी केली. परळला स्वतः, कोकणात चित्रे-परुळेकर-टिपणीस. कुळ आणि गिरणी कामगार हा एकाच घरातला माणूस आहे, हे त्या यादीत मला स्वच्छ दिसतं. आपल्या लेखकाला तिथं फक्त राखीव जागा दिसल्या.

लेखकाच्या बाजूनं एक गोष्ट बोलता येईल. कुणी म्हणेल की कोकणातल्या त्या जागा महार मतदारांच्या एकगठ्ठा मतांवर आल्या. तेव्हाची मतदानाची पद्धत वेगळी होती. मुंबई प्रांतात मतदारसंघ दोन-तीन-चार जागांचे असत. मतदाराला जागा तितकी मतं, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला टाकायची मोकळीक. पुणे करारानंतर राखीव जागा संयुक्त मतदारसंघात आल्या, त्यामुळे लहान समाजाला आपला माणूस आणायचा तर सगळी मतं एकाला टाकणं हाच मार्ग होता. पक्षानं तसाच प्रचार केला आणि लोकांनी तो काटेकोर पाळला, हे खरंच. पण मतं मोजून बघा. ज्यानं आपली सगळी मतं राखीव उमेदवाराला टाकली त्याच्याकडे चित्र्यांना नि परुळेकरांना द्यायला काय उरलं? त्यांना पडलेली मतं दुसरीकडूनही आली असणार. मताचा हक्क तेव्हा लोकसंख्येच्या सहाव्या-सातव्या हिश्शालाच होता. आमच्या वाडीत मत असलेले पुरुष बोटांवर मोजण्याएवढे. बायकांत कुणालाच नव्हतं. त्या पुरुषांनी चित्र्यांना मत दिलं, खोताच्या माणसानं तंबी दिल्यावरही दिलं, असं आजोबा सांगत. मतपेटी गुप्त होती, पण गाव लहान होतं. पुढच्या वर्षी आमच्या घराला कवळ, म्हणजे रोपाची जागा भाजायला लागणाऱ्या पाल्याच्या फांद्या, तोडायला खोताच्या रानात जाऊ दिलं नाही. कवळ नसेल तर भाजणी नाही, भाजणी नसेल तर रोप नाही. मताची ती किंमत होती.

निवडून आल्यावर ह्या चौदा जणांनी काय केलं, हे तर पुरवणीत अजिबातच नाही. १७ सप्टेंबर १९३७ ला पुण्याच्या अधिवेशनात बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. विरोधी बाकावरून, पक्षाच्या हातात चौदा मतं असताना. त्याच्या पाठीशी लोक उभे करायला परुळेकर आणि चित्रे कोकणात गावोगाव फिरले. शेजारच्या कुलाब्यात चरीच्या शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून चालू होता. नारायण नागू पाटलांच्या मागे आगरी कुळांनी जमिनी पडीक ठेवल्या, जंगलातून लाकूडफाटा आणून दिवस काढले, पण खोताची शेतं कसली नाहीत. १९३४ मध्ये बाबासाहेब तिथं जाऊन आले होते. हे सगळं धगधगत असताना १० जानेवारी १९३८ ला मुंबईत कौन्सिल हॉलवर शेतकऱ्यांचा मोर्चा गेला. वीस हजारांच्या आसपास माणूस होता. कोकणातली माणसं बोटीनं आली.

माझे आजोबा त्यात होते. हर्णैहून बोट धरली. बंदरात तेव्हा धक्का नव्हता, पडावातून बोटीपर्यंत जायचं आणि लाटेचा अंदाज घेऊन वर चढायचं. डोक्याला मुंडासं, कमरेला लंगोटी नि वर घोंगडी, फडक्यात नाचणीच्या भाकऱ्या आणि सुकी मासळी. मुंबईत चुलत्यांच्या खोलीवर झोपायला जागा नव्हती म्हणून ते चाळीच्या जिन्यात झोपले. मोर्चात त्यांच्या शेजारी आमच्याच गावच्या महारवाड्यातले दोघे चालत होते. गावात ज्यांच्या हातचं पाणी आजोबा पीत नव्हते, त्यांनी दिलेलं पाणी त्या दिवशी मैदानात प्यायले. हे आजोबांनी घरी सांगितलं तेव्हा माझी पणजी त्यांच्याशी बोलेना. आजोबांनी प्रायश्चित्त घेतलं नाही. आमच्या घरात जो काही बदल झाला, तो त्या मोर्च्यापासून. त्यासाठी मी त्या पक्षाची ऋणी आहे आणि ते उघड लिहायला मला अभिमान वाटतो.

विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. काँग्रेस मंत्रिमंडळानं कुळांसाठी काही सुधारणा केल्या, पण खोतीला हात घातला नाही, आणि १९३९ ला ते मंत्रिमंडळच गेलं. त्याआधी ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत संप झाला. संपाचा हक्क बांधून टाकणारं ते विधेयक होतं. त्या संपात बाबासाहेब आणि कम्युनिस्ट एकत्र उभे राहिले, आणि माझे चुलते साचा बंद करून परळच्या कामगार मैदानावर गेले. म्हणजे एकाच वर्षात, जानेवारीत बाप आणि नोव्हेंबरात मुलगा, एकाच पक्षाच्या हाकेवर रस्त्यावर. खोती शेवटी गेली ती १९४९ च्या कायद्यानं, स्वातंत्र्यानंतर. आमच्या गावात श्रेय त्या वेळच्या सरकारला दिलं गेलं, आणि बारा वर्षांपूर्वी विधेयक कुणी मांडलं होतं ते विसरलं गेलं.

ह्या विसरण्यात आमच्या समाजाचा वाटा मोठा आहे आणि त्याबद्दल मला मनापासून दुःख होतं. आज आमच्या गावात १४ एप्रिलला बौद्धवाडीत जयंती होते. मिरवणूक निघते, आमच्या वाडीच्या तोंडाशी येते नि वळते. आमच्या वाडीतली माणसं पडवीत बसून बघतात. ज्या माणसानं आमची शिगेची पायली बंद व्हावी म्हणून कायदेमंडळात विधेयक मांडलं त्याचा फोटो आमच्या वाडीतल्या एकाही घरात नाही, आमचं सोडून. तरुण पोरांना विचारलं तर म्हणतात, ते त्यांचे. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे, आमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यात. हाकेच्या अंतरावरचा माणूस. आणि अशा वेळी वर्तमानपत्रानं ‘राखीव जागांपुरता मर्यादित पक्ष’ असं छापलं की त्या पोरांच्या बोलण्यावर शिक्का बसतो. मी इतकी चिडले ती ह्यासाठी.

आताच्या याद्यांबद्दलही एक-दोन वाक्यं लिहिते, कारण लेखमालेच्या शेवटी लेखकानं २०२४ ची तुलना केली आहे. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला २८८ जागा होत्या. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसापर्यंत, २९ ऑक्टोबरपर्यंत, याद्या येत होत्या. एका पक्षातून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी दुसऱ्याचा एबी फॉर्म घेऊन येताना आपण टीव्हीवर पाहिला. मुलगा, सून, पुतण्या, जावई हे नातं हीच पात्रता ठरलेल्या किती जागा होत्या ते आपल्याच वर्तमानपत्रानं छापलं होतं. मला त्यात नवीन काही सांगायचं नाही. माझं म्हणणं एवढंच की १९३७ च्या यादीतली माणसं उमेदवारी मिळण्याआधी वर्षानुवर्षं काही तरी करत होती आणि ते लोकांनी डोळ्यांनी बघितलेलं होतं. तळ्यावर, मंदिराच्या दारात, वसतिगृहात, चाळीत. पैसा कुणाकडेच नव्हता. आज ग्रामपंचायतीला उभं राहायचं तरी पोरं आधी गाडी भाड्यानं घेतात.

आता विनंती. पहिली, त्या वाक्याची दुरुस्ती छापावी. स्वतंत्र मजूर पक्षानं मुंबई प्रांतात सर्वसाधारण जागाही लढवल्या आणि तीन जिंकल्या, एवढी एक ओळ पुरे. दुसरी, सतराही उमेदवारांची नावं, मतदारसंघ आणि पडलेली मतं पुरवणीत एका चौकटीत द्यावीत. पडलेल्या तिघांचीही द्यावीत, त्यांनीही तेवढाच धोका पत्करला होता. निकाल सरकारी कागदपत्रांत आहेत आणि आपल्या कचेरीला ते मिळवणं मला इथून मिळवण्यापेक्षा सोपं आहे. तिसरी, बाबासाहेबांची कायदेमंडळातली भाषणं राज्य शासनानं खंडात छापली, हे फार चांगलं झालं, पण चित्रे, परुळेकर, गायकवाड ह्यांनी तिथं काय म्हटलं ते वाचायला विधिमंडळाच्या जुन्या इंग्रजी कार्यवृत्तांत शोधत बसावं लागतं. त्यांतली खोतीवरची भाषणं तरी मराठीत यावीत. आपल्या लेखमालेत दोन आठवडे त्याला दिले तर रत्नागिरी आणि रायगडच्या शिक्षकांना शाळेत वाचायला काही तरी हाती लागेल. मी निवृत्त असले तरी आमच्या केंद्रातल्या शाळांत अजून जाते. छापलंत तर पहिला अंक मी आमच्या वाडीच्या सभेत वाचून दाखवीन, आणि बौद्धवाडीतल्या मंडळींनाही त्या सभेला बोलावीन.

लेखकांपर्यंत हे पत्र पोचवावं. त्यांच्या बाकीच्या लेखांबद्दल मनात आदर आहे आणि पुढचा, १९४६ च्या निवडणुकीवरचा भाग मी वाट बघून वाचणार आहे. त्यात बाबासाहेबांच्या पुढच्या पक्षाचे, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे, उमेदवार का पडले, ते मतदानाच्या पद्धतीसकट सविस्तर यावं ही अपेक्षा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. दापोली, जि. रत्नागिरी